जवस, मुनगा, ज्वारी, आंबाडी: सगळं घरचंच, पण करायचा क्रम चुकतो

सहा महिन्यांची जवसाची पूड एकदाच दळून ठेवायची. मुनग्याचा पाला टिनावर कडक उन्हात वाळवायचा. आंबाडी आणि तूरडाळ एकाच वेळी कुकरात टाकायची. आणि हे सगळं जेवून उठलं की लगेच कपभर चहा. माल उत्तम असतो, मेहनतही होते, पण पूड खवट निघते, पाला तपकिरी पडतो, डाळ कच्ची राहते आणि अंगाला लागायचं ते अर्धंच लागतं. मग लोक शहरातून क्विनोआ-चियाची पाकिटं मागवतात.

क्विनोआ आणि चिया परदेशातून आलेली धान्यं-बिया आहेत. वाईट नाहीत, पण वावरात जवस आणि बांधावर मुनगा असताना त्यांच्यावर पैसे घालायचं कारण दिसत नाही. या लेखात फक्त पाच गोष्टी घेतल्या आहेत: जवस, मुनगा (शेवगा), ज्वारी, आंबाडी आणि कुटकी-कोदो ही बारीक भरडधान्यं. यांतल्या पहिल्या दोनांतच सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून त्यांना जागाही जास्त दिली आहे.

टप्पा १ : हात घालण्याआधीची तयारी

भांडी साधीच लागतात. जाड बुडाचा लोखंडी तवा किंवा कढई, सूप, बारीक चाळणी, धुऊन वाळवलेली दोन जुनी सुती लुगडी आणि घट्ट झाकणाचे लहान डबे. डबे लहानच घ्या. मोठा डबा रोज उघडला की दर वेळी आत हवा आणि ओल जाते, आणि तळचा माल वापरायच्या आत बिघडतो. स्टीलचा किंवा काचेचा डबा चालेल. काचेचा असेल तर तो अंधाऱ्या फळीवर ठेवा.

खाली दिलेली मापं अशी धरा: वाटी म्हणजे साधारण १५० मिली, मोठा चमचा म्हणजे पोह्याचा, लहान चमचा म्हणजे चहाचा. जवसाची एक वाटी सुमारे १०० ग्रॅम भरते.

हंगामही बघून घ्या. जवस फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो, तेव्हाच वर्षाचा अख्खा घेऊन ठेवावा. आंबाडी पावसाळ्यात कोवळी मिळते. मुनग्याला पावसाबरोबर भरपूर पालवी येते, पण वाळवायचं काम पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबरपासून पुढे करायचं. श्रावणात पाला वाळवायला घेऊ नका, तेव्हा ताजाच खा.

सावधान : पाचही गोष्टी एका आठवड्यात सुरू करू नका. जवस, मुनगा आणि कुटकी तिन्हीत तंतू भरपूर. सवय नसलेल्या पोटाला एकदम दिले तर पोट फुगतं, मग दोष पदार्थाला लागतो. एक गोष्ट घ्या, आठ दिवस थोडी-थोडी खा, मग दुसरी.

टप्पा २ : जवस

जवसाच्या दाण्यात सुमारे ४० टक्के तेल असतं आणि त्या तेलाचा निम्म्याहून जास्त भाग ओमेगा-३ जातीचा. त्याचं मोल याच तेलात आहे आणि बिघाडही याच तेलामुळे होतो. हवा, उजेड आणि उष्णता लागली की हे तेल इतर तेलांपेक्षा लवकर खवट होतं. दाण्याचं टरफल शाबूत असतं तोवर तेल आत सुरक्षित. दळलं की उलटी गिनती सुरू.

क्रम असा:

१. निवडा आणि पाखडा. जवसात बारीक माती आणि खडे असतात. सुपात पाखडून बारीक चाळणीने चाळा.

२. धुऊ नका. इथेच पुष्कळ जणी फसतात. जवसाच्या टरफलावर चिकटा असतो, पाणी लागलं की दाणे एकमेकांना धरून गोळा होतो आणि तो धड वाळतही नाही. माती फारच असेल तर ओलसर फडक्यात मूठ-मूठ दाणे चोळून पुसा आणि लगेच पसरा.

३. मंद आचेवर भाजा. तव्यात दाण्यांचा थर एका बोटापेक्षा जाड नको. चूल असेल तर स्वयंपाक आटोपल्यावर नुसत्या निखाऱ्यांवर भाजा, जाळावर नाही. सतत हलवत ५ ते ६ मिनिटं लागतात. दाणे तडतडायला लागले, थोडे फुगले आणि खमंग वास सुटला की तवा लगेच उतरवा. उतरवला तरी लोखंड तापलेलं असतं, म्हणून दाणे परातीत काढा.

४. पूर्ण गार होऊ द्या. कोमट दाणे मिक्सरमध्ये घातले की तेल सुटतं आणि पुडीऐवजी लगदा तयार होतो.

५. थांबून-थांबून फिरवा. मिक्सर दोन-तीन सेकंद फिरवा, थांबा, हलवा, पुन्हा फिरवा. रवाळ ठेवा. खलबत्ता असेल तर त्याहून चांगलं काही नाही.

पडताळा : भाजून गार झालेला दाणा दाताखाली धरा. कुरकुरीत फुटला तर झालं. दाताला चिकटला तर अजून कच्चा. कडवट लागला तर जास्त भाजला गेला, तो घाणा पुन्हा भाजून सुधारत नाही.

अख्खा जवस खाऊ नये असं नाही, पण न चावता गिळलेला दाणा बहुतेक जसाच्या तसा पोटातून बाहेर पडतो. भाकरीवर शोभेला टाकलेल्या अख्ख्या जवसाचा फार उपयोग नसतो. आणि भाजणं फक्त चवीपुरतं नाही: कच्च्या जवसात सायनाइड सोडणारी द्रव्यं अल्प प्रमाणात असतात, भाजल्याने ती कमी होतात.

किती खायचा? मोठ्या माणसाने पहिला आठवडा रोज एक लहान चमचा पूड, मग एक मोठा चमचा, म्हणजे १० ग्रॅमच्या आसपास. त्याच्याबरोबर पाणी प्यायला हवं. पूड पोटात पाणी ओढून फुगते. पाणी कमी पडलं तर पोट साफ होण्याऐवजी उलट घट्ट होतं.

रोजच्या जेवणात तो घालायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे चटणी. १ वाटी जवस, ८-१० सुक्या लाल मिरच्या, १०-१२ लसूण पाकळ्या, १ लहान चमचा जिरं, १ लहान चमचा मीठ. आधी जवस भाजा, मग त्याच तव्यावर मिरच्या आणि जिरं अर्धा मिनिट गरम करा. सगळं गार झाल्यावर पहिल्यांदा मिरची, जिरं आणि मीठ बारीक करा, मग जवस घालून रवाळ फिरवा, आणि लसूण अगदी शेवटी, एक-दोन फिरक्यांपुरता. लसूण आधी घातला तर त्याच्या ओलीने चटणीच्या गुठळ्या होतात. लसणाची चटणी ७-८ दिवसांत संपवायची. जास्त दिवस ठेवायची असेल तर कोरडी चटणी करून ठेवा आणि लसूण वाढायच्या वेळी ठेचून मिसळा. वांग्याच्या किंवा दोडक्याच्या भाजीत उतरवायच्या दोन मिनिटं आधी दोन मोठे चमचे पूड घातली तर रस्सा दाटही होतो, कूट कमी लागतं.

ज्वारीबरोबर जवस चक्कीवर देऊ नका. त्याच्या तेलाने पाट्या भरतात, चक्कीवाला बोलतो ते वेगळंच, आणि सगळं पीठ आठ दिवसांत खवट होतं. भाकरीत जवस हवा असेल तर पीठ मळताना दोन भाकरींना एक मोठा चमचा पूड, इतकंच.

टिकण्याचा हिशोब असा धरा: अख्खा कच्चा जवस कोरड्या जागी वर्षभर, भाजलेला अख्खा महिनाभर, पूड हिवाळ्यात पंधरा दिवस. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांना भिडतो तेव्हा पूड आठवड्याच्या वर ठेवू नका. फ्रीज असेल तर तिथे ठेवा.

सावधान : जवसाचं तेल खायचं असेल तर तेलघाणीवरचं, ताजं, खाण्यासाठी म्हणून काढलेलंच घ्या. रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या ‘उकळलेल्या’ अळशीच्या (म्हणजे जवसाच्याच) तेलात ते लवकर सुकावं म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात. ते कधीच खायचं नाही. खाण्याचं जवस तेलही पुऱ्या-भजी तळायला वापरू नका, फार तापलं की धुरतं आणि त्यातलं चांगलं तेच जळतं. कण्यांवर, ठेच्यावर किंवा भाजीवर वरून एक चमचा घ्यावं.

रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू असतील किंवा आतड्याला अडथळ्याचा त्रास झालेला असेल, तर जवस रोज सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. इतर कुठलीही गोळी आणि जवसाची पूड एकाच वेळी घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. चिकट्यामुळे औषध अंगात भिनायला उशीर लागतो.

टप्पा ३ : मुनग्याचा पाला

मुनगा पुडीच्या पाकिटांवर लिहिलेलं असतं, दुधापेक्षा इतके पट कॅल्शियम. आकडा खोटा नसतो, तुलना फसवी असते. वाळलेल्या पानांच्या १०० ग्रॅम पुडीत २,००० मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं खरं, पण १०० ग्रॅम पूड खातो कोण? दोन लहान चमचे, म्हणजे ५ ग्रॅम पुडीतून साधारण १०० मिलीग्रॅम मिळतं. पेलाभर दुधात त्याच्या दुपटीहून जास्त असतं. पूड उपयोगी आहे, दुधाची जागा घेणारी नाही.

ताजा पाला मिळत असेल तोवर ताजाच खा. क जीवनसत्त्व ताज्या पाल्यात असतं, वाळवताना ते बरंचसं जातं. पूड ही पालवी नसते त्या महिन्यांची सोय आहे.

ताज्या भाजीसाठी : चार वाट्या निवडलेली पानं, पाव वाटी मूगडाळ अर्धा तास भिजवलेली, ५-६ लसूण पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या, एक मोठा चमचा तेल. काड्या नीट काढा, बारीक देठही शिजत नाहीत आणि दातात अडकतात. फोडणीत लसूण-मिरची, मग डाळ आणि पाव वाटी पाणी, झाकून ५ मिनिटं. डाळ बोटाने दबली की मग पाला. आणखी ५ ते ७ मिनिटं. मीठ शेवटी घाला. पाला चौथ्या हिश्शावर येतो आणि आधी अंदाजाने घातलेलं मीठ हमखास जास्त होतं. खूप जुना, गडद पाला कडू लागतो, कोवळ्या फांद्यांचा घ्या.

वाळवायचं काम क्रमाने करा, कारण इथे एक पायरी मागे-पुढे झाली की पूड बिघडते.

१. सकाळी दव वाळल्यावर फांद्या काढा. पिवळी आणि किडीने जाळी धरलेली पानं तिथेच टाका.

२. आधी धुवा, मग पानं ओरबाडा. फांदीसकट दोन पाण्यांतून बुचकळून काढणं सोपं जातं. सुटी पानं धुतली की एकमेकांना चिकटतात, मधली ओली राहतात आणि काळी पडतात.

३. फांद्या झटकून दोरीवर उलट्या टांगा, सावलीत, तास-दोन तास. पाणी पूर्ण निथळू द्या.

४. पानं ओरबाडून बाजेवर सुती लुगडं अंथरा आणि एकेरी थर पसरा. बाजेला खालूनही हवा लागते, म्हणून ती जमिनीपेक्षा बरी. वर्तमानपत्रावर पसरू नका, शाई लागते.

५. खोली हवेशीर पण उन्हाची नको. ऊन लागलं की पाल्याचा हिरवा रंग आणि त्याच्याबरोबर अ जीवनसत्त्व देणारं कॅरोटीन, दोन्ही जातात. वरून पातळ फडकं टाका म्हणजे धूळ-माश्या बसणार नाहीत. दिवसातून दोनदा हलक्या हाताने उलटा.

६. कोरड्या हवेत ३-४ दिवस लागतात. पाचव्या दिवशीही पाना-पानांत ओल जाणवत असेल तर हवा दमट आहे. पंखा लावा किंवा उरलेला पाला त्याच दिवशी भाजीला वापरा.

पडताळा : चिमूटभर पानं कानाजवळ नेऊन चुरगळा. कर्र आवाज होऊन चुरा झाला तर तयार. पान नुसतं वाकलं तर आणखी एक दिवस. आणि वजन करा: एक किलो निवडलेल्या ताज्या पानांची २०० ते २५० ग्रॅम सुकी पानं होतात. ३०० ग्रॅम भरली तर आत पाणी आहे, डब्यात बुरशी धरणार.

७. मिक्सरमध्ये दळा, चाळा, लगेच डब्यात भरा. सुकी पानं अख्खी ठेवून महिन्याची पूड दर महिन्याला केली तर जास्त बरं. हिरवी पूड चार-पाच महिने चांगली राहते. तपकिरी आणि गवतासारख्या वासाची झाली की टाका.

वापरताना एकच पथ्य: पूड शेवटी. वरण शिजून, फोडणी देऊन, गॅस बंद करताना माणशी अर्धा ते एक लहान चमचा. वीस मिनिटं उकळली तर वास उग्र होतो. भाकरीसाठी दोन वाट्या पिठाला एक मोठा चमचा सपाट, त्यापेक्षा जास्त घातली की भाकर कडू होते आणि पोरं ताटातच ठेवतात. झुणक्यात आणि पाटवडीत ती चांगली मुरते, बेसनाचा वास तिचा वास झाकतो.

सावधान : खायचा तो पाला, शेंगा आणि फुलं. मुळी आणि साल औषध म्हणून घरच्या घरी घेऊ नका, गरोदर बाईने तर मुळीच नाही. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर पाल्याचं प्रमाण अचानक वाढवू नका. पाल्यातलं के जीवनसत्त्व त्या गोळीच्या उलट काम करतं.

टप्पा ४ : ज्वारी

भाकर कशी थापायची हे इथे सांगायची गरज नाही. चुकतं ते दळणात.

खरिपाची ज्वारी दाणा भरताना पावसात सापडली की काळी पडते. ती बुरशी असते, धुऊन जात नाही. दळणाआधी परातीत पसरून काळे, हलके, भुगा होणारे दाणे वेचून काढा. पोतंभर ज्वारीत निम्मे दाणे तसे असतील तर ती खायला घेऊच नये.

पीठ हिवाळ्यात पंधरा दिवसांचं, उन्हाळ्यात आठवड्याचं. ज्वारीच्या दाण्यातलं थोडं तेल दळल्यावर हवेला लागतं आणि पीठ कडवट होतं. शिवाय जुन्या पिठाची विरी जाते, भाकर थापताना कडा फाटतात. अशा वेळी लोक गव्हाचं पीठ मिसळतात. त्याऐवजी अर्ध्या पिठाला उकळतं पाणी घालून झाका, दोन मिनिटांनी उरलेलं पीठ घालून तळव्याने चांगलं रगडा. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नाही, गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुलतो आणि तोच पीठ धरून ठेवतो.

भाकरीपेक्षा कण्या आणि आंबील जास्त विसरली गेली. कण्यांसाठी एक वाटी भरड अर्धा तास भिजवून चार वाट्या पाण्यात मंद आचेवर २० ते २५ मिनिटं शिजवा, अधूनमधून ढवळा, ताकाबरोबर खा. आंबिलीसाठी रात्री दोन मोठे चमचे पीठ एक वाटी आंबट ताकात कालवून झाकून ठेवा. सकाळी तीन वाट्या पाण्याला आधण आलं की ते धारेने सोडा आणि ८-१० मिनिटं ढवळत उकळा. उन्हाळ्यात ६-७ तासांतच आंबतं, जास्त ठेवलं तर फसफसून उग्र वास येतो. आंबवल्याने धान्यातलं लोह-जस्त अडवून धरणारं फायटेट कमी होतं आणि ते शरीराला जास्त सापडतं.

सावधान : मुगासारखे ज्वारीला कोंब आणून कच्चे खाऊ नका. ज्वारीच्या कोवळ्या कोंबात धुरीन नावाचं द्रव्य असतं, त्यातून सायनाइड सुटतं. कोवळी ज्वारी खाऊन ढोरं मरतात ते याचमुळे. नाचणीच्या सत्त्वाची रीत ज्वारीला जशीच्या तशी लावायची नाही. सत्त्व करायचंच असेल तर मोड आलेले दाणे कडक वाळवून कोंब आणि मुळ्या चोळून, पाखडून पूर्ण काढा, मग भाजून दळा.

टप्पा ५ : आंबाडी

इथे अडचण एकच आणि ती क्रमाची. आंबट पदार्थात डाळ लवकर शिजत नाही. आम्लामुळे दाण्याच्या पेशी धरून ठेवणारं पेक्टिन घट्ट राहतं. म्हणून डाळ, कण्या आणि पाला एकत्र कुकरात टाकले की पाला गाळ होतो आणि डाळ दाताखाली येते.

२५० ग्रॅम निवडलेला पाला, पाव वाटी तूरडाळ, पाव वाटी ज्वारीच्या कण्या. डाळ-कण्या आधी तीन वाट्या पाण्यात पूर्ण मऊ शिजवा. पाला वेगळ्या भांड्यात वाटीभर पाण्यात ५ मिनिटं शिजवून घोटा. मग दोन्ही एकत्र करून पाच मिनिटं उकळा. वरून दोन मोठे चमचे तेलात १० लसूण पाकळ्या लाल करून आणि तीन सुक्या मिरच्या घालून फोडणी द्या.

पाल्याचं पाणी फेकायचं का, हा वादाचा विषय. फार आंबट असेल किंवा घरात कोणाला मुतखडा असेल तर फेका, आंबटपणा आणि खड्याला कारण होणारं ऑक्झॅलेट दोन्ही उतरतात. एरवी फेकू नका, त्याच पाण्यात फोलेट आणि क जीवनसत्त्व गेलेलं असतं.

भांडं स्टीलचं किंवा मातीचं हवं. अॅल्युमिनियमच्या पातेल्यात आणि कल्हई उडालेल्या पितळेत आंबाडी शिजवू नका, आंबट रस धातू खातो. लोखंडी कढई चालते, थोडं लोहही उतरतं, पण भाजी शिजताच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर काळी पडते आणि लोखंडाची चव धरते.

टप्पा ६ : कुटकी आणि कोदो

मेळघाटात आणि गडचिरोलीकडे ही घरची धान्यं, बाकीच्यांनी बाजारातून आणली तर आधी खडे बघावेत. पाण्यात तीनदा रोळून घ्या, वर तरंगणारा कोंडा ओता. अर्धा तास भिजवा. एक वाटी कुटकीला सव्वादोन ते अडीच वाट्या पाणी, मंद आचेवर १२ ते १५ मिनिटं, मग गॅस बंद करून झाकण न उघडता १० मिनिटं. ही शेवटची दहा मिनिटं वाचवायला गेलं की वर कोरडी, खाली चिखल. भातासारखी कुकरात चार शिट्ट्यांनी केली तरी लापशीच होते.

अगदी पांढरीशुभ्र कुटकी घेऊ नका, कोंडा पूर्ण काढलेला असतो आणि मग भातापेक्षा तिच्यात फार काही वेगळं उरत नाही. साखरेच्या रुग्णांनीही ती मोजूनच खावी. धान्य आहे, ताट भरून खाल्लं की साखर वाढतेच.

सावधान : पावसात भिजलेला, कुबट वासाचा किंवा काळपट कोदो खाऊ नका. त्यावर वाढणारी बुरशी सायक्लोपियाझोनिक आम्ल तयार करते. चक्कर, उलट्या, थरथर होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मध्य प्रदेशातल्या बांधवगडात दहा हत्ती दगावले, त्यांच्या शरीरात हेच विष सापडलं होतं.

टप्पा ७ : ताटात जोडी लावणं

पाल्यातलं आणि धान्यातलं लोह शरीर सहजासहजी घेत नाही. त्याच घासाबरोबर क जीवनसत्त्व असेल तर जास्त घेतं. वरणावर लिंबू वाढायच्या वेळी पिळा, उकळत्या वरणात नाही. हिवाळ्यात आवळ्याचा ठेचा करा. नोव्हेंबर-डिसेंबरात आंबिया बहाराचा आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहाराचा संत्रा घरात असतो, तो जेवणानंतर लगेच खा, दुपारी चारला नाही.

आता चहा. सकाळी शिळी भाकर चहात बुडवून खायची सवय मोडणं अवघड आहे, पण मुनग्याची पूड घातलेली भाकर चहाबरोबर खाल्ली तर त्यातलं लोह चहातली टॅनिन अडवतात. चहा जेवणाच्या तासभर आधी किंवा तासभर नंतर. पंडुरोग (रक्तक्षय) असलेल्या बायकांसाठी आणि मुलींसाठी ही एक गोष्ट पूड खाण्याइतकीच महत्त्वाची आहे. आणि डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर पाला सुरू केला म्हणून त्या बंद करायच्या नाहीत.

पाल्यातल्या कॅरोटीनला थोडी चरबी लागते. तेलाशिवाय उकडलेला मुनगा खाणाऱ्यांनी निदान चमचाभर तेलाची फोडणी द्यावी.

टप्पा ८ : पावसाळ्यातली तपासणी

मृग लागला की सगळे डबे एकदा रिकामे करा. सुका पाला हातात घ्या, मऊ लागला तर पंख्याखाली दिवसभर पसरून पुन्हा कुरकुरीत झाला तरच परत भरा. पांढरी-हिरवी जाळी दिसली तर सगळा डबा टाका, वरचा थर काढून खालचा वापरू नका. जवसाची पूड नाकाशी धरा: रंगाच्या डब्यासारखा वास आला म्हणजे तेल खवटलं, ती भाजून सुधारत नाही. डबा गरम पाण्याने धुवा, उन्हात कडक वाळवा, मगच नवा माल. ओलसर डब्यात भरलेली पूड चार दिवसांत गुठळ्या धरते. खराब निघालेला माल खताच्या खड्ड्यात टाका. बुरशी धरलेलं काहीही ढोरांच्या गव्हाणीत किंवा कोंबड्यांपुढे टाकायचं नाही.